लाऊसाहेबांची नऊ जेवणं

थिओ हॉक सेंग यांनी नऊ वर्षं भलत्याच माणसाला जेवू घातलं, हे त्यांना कळलं ते मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, आणि तेही मागे रांगेत आठ माणसं उभी असताना.

झालं होतं असं. मलेशियातल्या पिनांगच्या टेकडीवरची जुनी चिनी दफनभूमी. तिच्या विश्वस्तांनी पेपरात नोटीस दिली होती की टेकडीचा वरचा भाग जंगलाने गिळला आहे, कुणाची कबर कुठे याचा पत्ता राहिलेला नाही, तरी पंधरा एप्रिलपर्यंत ज्या कबरींची नोंद घरचे लोक फोटोसकट करणार नाहीत त्या बेवारस धरून उकरल्या जातील आणि अस्थी एका सामाईक खड्ड्यात ठेवल्या जातील. नोटीस छापून आली आणि निम्म्या शहराला एकाएकी पितरांचं प्रेम उफाळून आलं. ज्यांनी वीस वर्षांत टेकडीकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, ते कोयते विकत घेऊ लागले.

हॉक सेंग मात्र निवांत होते. पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. नोटीस आली की आधी शांतपणे चहा प्यायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. शिवाय दर एप्रिलात चेंग बेंगला, म्हणजे पितरांच्या कबरी झाडायच्या दिवसांत, ते न चुकता आजीच्या कबरीवर जात. आईचे गुडघे गेल्यापासून गेली नऊ वर्षं एकटेच जात. फोनमध्ये फोटो होता. विश्वस्तांच्या कचेरीत खिडकीशी जायचं, फोटो दाखवायचा, शिक्का घ्यायचा, येताना वाटेत नूडल्स खायच्या, असा बेत.

खिडकीमागच्या क्वाबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला. चष्मा वर केला, खाली केला.

"आजीचं नाव काय म्हणालात?"

"तान पोह इम."

"हे लाऊ किम चुआन आहेत."

"कोण?"

"लाऊ किम चुआन," क्वाबाई जरा मोठ्याने म्हणाल्या. हॉक सेंगना ऐकू कमी येत असावं असा त्यांचा समज झाला. "पुरुष आहेत हे."

मागच्या आठ माणसांचं बोलणं थांबलं. फोटोत त्या दगडाला टेकून, हातात उदबत्त्या घेऊन, हॉक सेंग समाधानाने हसत होते. तो फोटो आता रांगेत हातोहात फिरला. एका म्हाताऱ्याने तर पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "लाजता कशाला? परक्याची कबर झाडलीत, पुण्यच लागेल." त्यावर मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि नूडल्सचा बेत तिथेच संपला.

आता कुणी विचारील, की अहो, माणसाला दगडावर कोरलेलं स्वतःच्या आजीचं नाव वाचता येत नाही? तर नाही येत. वडिलांनी हॉक सेंगना मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. इंग्लंडचे राजे त्यांना क्रमाने पाठ होते, कुठल्या राजाने कुठली बायको टाकली तेही सांगता येई. आजीशी ते होक्किएन या घरच्या चिनी बोलीत भांडत, बाजारात होक्किएनमध्ये घासाघीस करत, स्वप्नंसुद्धा त्याच भाषेत पाहत. पण चिनी अक्षर समोर आलं की ते एखाद्या जाळीकडे बघावं तसं बघत. तसे त्यांच्या पिढीचे पिनांगात हजारो आहेत. ते सगळे सुटाबुटात वावरतात आणि आजोबांच्या कबरीपुढे अडाणी असतात. हॉक सेंगना कबर सापडायची ती खुणेने. दोन वळणं चढून गेलं की एक चाफ्याचं झाड, त्याच्या डावीकडे तिसरी. पण टेकडीवर माणसाची वस्ती नाही, तिथे झाडं काय एका जागी शिस्तीत उभी राहणार? जुना चाफा कधीतरी कोसळला होता, दुसरा भलतीकडेच उगवला होता, आणि हॉक सेंग दुसऱ्या चाफ्याच्या डावीकडे वळले होते.

घरी येताना त्यांना एकेक गोष्ट आठवत गेली आणि कानशिलं तापत गेली. आजी जुन्या वळणाची, सारोंग नेसणारी, पान खाणारी. म्हणून दर वर्षी कोंबडी आणि भाजी भरलेल्या पोपियाच्या गुंडाळ्यांच्या जोडीला पानाचे दोन विडे जात. परलोकात नेसायला म्हणून कागदी कपडे जाळतात, त्यातही दर वर्षी सारोंग, जाळीदार पोलकं, केसांतले आकडे. मागच्या वर्षी तर त्यांच्या बायकोने, स्वी गेकने, हौसेने कागदी पर्स आणि लिपस्टिक आणली होती. ते सगळं लाऊ किम चुआन या सद्गृहस्थांना पोचलं होतं. आणि जेवण झालं का हे विचारायला नाणी टाकतात, ती नाणी! दोन नाणी उडवायची. एक छापा एक काटा पडला तर ‘हो’, दोन्ही काटे पडले तर ‘नाही’, आणि दोन्ही छापे पडले तर मेलेलं माणूस हसतंय असं समजायचं. नऊ वर्षं दोन्ही छापेच जास्त पडत. हॉक सेंग घरी येऊन आईला सांगत, "आजी मजेत आहे. सारखी हसते."

"अहो, आता आईंना काय सांगायचं?" पायरीवर बसून सगळं ऐकल्यावर स्वी गेक म्हणाली.

"काहीही सांगायचं नाही."

"काय सांगायचं नाही?" हा तिसरा आवाज शेजारच्या खॉर यांचा. पिनांगातल्या चाळवजा घरांना समोर एकच सलग ओटा असतो, मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर कोपरं टेकून उभं राहणं हा विमा एजंट खॉर यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता. लपवण्यात अर्थ नव्हता. हॉक सेंगनी सांगितलं.

खॉर यांनी भिंतीवरची कोपरं सारखी केली. मग गंभीरपणे म्हणाले, "त्या लाऊला आता एक पँट तरी जाळ बाबा."

"खॉर, मी संकटात आहे."

"तू कसला संकटात? संकटात तुझी आजी. नऊ वर्षं उपास घडवलास तिला."

आणि एवढ्यात आतून काठीचा आवाज आला. आई दारात उभी होती. शहाऐंशी वर्षांची बाई, स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत यायला एरवी तिला पाच मिनिटं लागत. आज कधी आली कुणाला कळलं नाही.

"कोणाला उपास घडवलास?"

हॉक सेंगनी आयुष्यात मोठमोठ्या साहेबांपुढे खुलासे केले होते. आईपुढे त्यांना दोन वाक्यंही धड जुळवता आली नाहीत. तिने ऐकलं, ओट्यावर बसली, काठी आडवी ठेवली.

"सोळाव्या वर्षी लग्न होऊन आले मी ह्या घरात," ती म्हणाली. "टायफॉइड झाला तेव्हा माझ्या आईनेसुद्धा आशा सोडली होती. तुझ्या आजीने चाळीस दिवस चमच्याने पेज भरवली मला. मरताना माझा हात धरून एकच म्हणाली, मला एकटी टाकू नकोस. आणि तू तिला परक्या हाडांच्या ढिगात जाऊ देणार आहेस?"

"नाही जाऊ देणार."

"पंधरा तारखेला किती दिवस राहिले?"

"वीस."

"मग इथे बसून काय करतोयस? ऊठ."

हॉक सेंग उठले. आणि एकदा उठल्यावर थांबायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. माणूस साधा होता, पण चिवट होता. गळक्या नळाच्या एका तक्रारीसाठी त्यांनी एकदा अकरा वर्षं पत्रव्यवहार केला होता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा क्वाबाईंच्या खिडकीशी. जुनं दफनाचं रजिस्टर पाहायला मिळेल का? मिळेल, अर्ज करा. अर्ज केला. अर्जावर आजीच्या मृत्यूचं वर्ष चिनी पद्धतीने हवं. ते आईला विचारून आणलं. रजिस्टर बाहेर आलं तेव्हा त्यातली अर्धी पानं वाळवीने खाल्लेली. थिओ घराण्याच्या तान पोह इम यांच्या नावापुढे एवढंच उरलं होतं: वरची टेकडी, सातवी रांग.

"सातवी रांग कुठून मोजायची?" हॉक सेंगनी विचारलं.

"पहिलीपासून," क्वाबाई म्हणाल्या.

"आणि पहिली कुठे आहे?"

"तेच तर कुणाला माहीत नाही, म्हणून नोटीस काढलीय ना."

जाता जाता त्यांनी आणखी बजावलं, की कबरीवर मांडीएवढ्या बुंध्याचं झाड असेल तर ते परवानगीशिवाय तोडायचं नाही. परवानगीच्या अर्जाला कबरीचा नोंदणी क्रमांक लागतो. क्रमांक नोंद केल्यावर मिळतो. नोंदीला फोटो लागतो. आणि फोटो झाड तोडल्याशिवाय निघत नाही. हॉक सेंगना ही सगळी साखळी ऐकून खात्यातले जुने दिवस आठवले आणि क्षणभर डोळ्यांत पाणी आलं. ह्या बाईंच्या जागी आपण असतो तर आपणही हेच सांगितलं असतं, हे त्यांना मनोमन मान्य होतं.

शनिवारी पहिली मोहीम निघाली. हॉक सेंग, जेवणाचे डबे घेऊन स्वी गेक, आणि न बोलावता आलेले खॉर. खॉर यांनी गळ्यात वास्तूचं होकायंत्र अडकवलं होतं. कबर नेहमी चांगल्या दिशेला तोंड करून बांधतात, तेव्हा आपण दिशा लावत गेलो की आजी सापडलीच, असं त्यांचं म्हणणं. टेकडीवर पोचल्यावर लक्षात आलं की त्या दिशेला तोंड करून साडेतीन हजार लोक झोपलेत. आणि झोपलेत तेही पांघरुणासकट. माणसापेक्षा उंच गवत, नेचे, दगडी सिंहांच्या तोंडातून बाहेर आलेल्या वेली, आणि अर्ध्याअधिक कबरींच्या छातीवर वडाच्या जातीची झाडं मुळं पसरून बसलेली. एका खानदानी कबरीच्या ओट्यावर घोरपड ऊन खात होती. तिने तिघांकडे असं पाहिलं की खॉर यांनी तिची माफी मागितली.

फाटकाशी मुनियांडी नावाचा तमिळ माणूस गवत कापायला उभा होता. पंचेचाळिशीचा, कमरेला कोयता, तोंडात अस्सल होक्किएन. त्याला बरोबर घेतलं. दुसऱ्या चाफ्याच्या आसपास शोधायचं ठरलं, कारण लाऊसाहेब तिथे होते, म्हणजे आजीही फार लांब नसणार. पहिली कबर मोकळी करायला पाऊण तास लागला. दगडावर बोटभर शेवाळ. हॉक सेंगनी ते ब्रशने घासून काढलं, अक्षरं दिसू लागली, आणि ते त्या अक्षरांकडे बघत बसले.

"हे ऊ आडनावाचे आहेत साहेब," मागून मुनियांडी म्हणाला. "दोन बायका होत्या. खाली सात मुलांची नावं आहेत."

हॉक सेंग वळले. "तुला वाचता येतं?"

"चिनी शाळा आमच्या घराला लागून होती. सहावीपर्यंत शिकलो." मग त्याने अतिशय सभ्यपणे विचारलं, "साहेबांना चष्मा लागतो का?"

"हो," हॉक सेंग म्हणाले. "घरी राहिला." चष्मा नाकावर होता. मुनियांडीने दुसरीकडे पाहिलं.

आता खरी पंचाईत सुरू झाली. परक्याची का असेना, कबर एकदा झाडली की तसंच पाठ फिरवून जाता येत नाही. झोपलेल्या माणसाला उठवायचं, तोंड धुवायचं, आणि न जेवू घालता पुढे जायचं म्हणजे केवढा अपमान! आणि अक्षरं वाचायची तर आधी घासायचं, घासलं की जेवण आलं. म्हणजे प्रत्येक वाचनाला एक पान वाढायचं. ऊसाहेबांपुढे अर्धी कोंबडी मांडली. दुसऱ्या कबरीत कुणी खू निघाले. त्यांच्यापुढेही तीच अर्धी कोंबडी ठेवावी असं हॉक सेंगना वाटलं, पण स्वी गेक कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, उष्टं वाढणार?"

शेवटी खॉर यांनी तोडगा काढला, की उरलेल्या अर्ध्या कोंबडीचे भाग करावेत. तंगडी एकाला, पंख एकाला. खूंना छातीचा तुकडा गेला, तिसऱ्या कबरीला तंगडी, चौथ्याला पंख, पाचव्याला मान. सहाव्या बाई होत्या, त्यांना लाल कासवाच्या आकाराचा गोड केक गेला. सातव्याला खॉर यांच्या खिशातली खोकल्याची गोळी गेली, आणि त्यासाठी हॉक सेंगनी हात जोडून क्षमा मागितली. आजी नव्हतीच.

तेवढ्यात माकडं आली. सकाळपासून ती झाडांवरून हा पंक्तिप्रपंच बघत होती. मोठ्या हुप्प्याने आधी ऊसाहेबांपुढचा उरलासुरला ऐवज उचलला, मग आजीसाठी वेगळा राखून ठेवलेला पोपियाचा डबाच घेऊन निघाला. आजीच्या डब्याला हात! हॉक सेंग धावले. एकसष्ट वर्षांचा निवृत्त हेडक्लार्क कबरींच्या ओट्यांवरून उड्या मारत सुटला, हातात ब्रश, तोंडात होक्किएनमधल्या अशा शिव्या की जमिनीखालच्या कित्येकांना आपलं तारुण्य आठवलं असेल. तिसऱ्या उडीला वेलीत पाय अडकला आणि ते एका खचलेल्या खड्ड्यात बसले. बसल्यावर विजारीचा मागून टर्रकन आवाज झाला. त्याच वेळी खालच्या वाटेने टेकडी चढणारा एक व्यायाम मंडळाचा जथा आला. पंधरा माणसं, एकाच रंगाचे बनियन. त्यांनी थांबून फोटो काढले. हॉक सेंग खड्ड्यातूनच म्हणाले, "पुढे चला, इथे खाजगी काम चाललंय."

उतरताना त्यांनी कमरेला स्वी गेकची छत्री धरली होती, पण मान ताठ होती. "सोमवारी परत," ते म्हणाले. "दोन कोंबड्या घ्यायच्या."

सोमवारी दोन कोंबड्या, नऊ कबरी. बुधवारी तीन कोंबड्या, बारा कबरी. अख्ख्या टेकडीवर इतका पाहुणचार कित्येक वर्षांत कुणी केला नसेल. गल्लीत सल्ल्यांचा पाऊस पडू लागला. कोपऱ्यावरचा कॉफीवाला म्हणाला, मेलेल्यांशी बोलणाऱ्या माध्यमाला विचारा. स्वी गेकच्या बहिणीने सांगितलं, टेकडीच्या भूमिदेवाला आधी दारू पाजा. पाजली, आणि तो भूमिदेव दुसऱ्याच घराण्याच्या कबरीचा निघाला. खॉर यांनी हळूच सुचवलं, की अरे, कुठलीही बेवारस म्हातारी नोंदवून टाक, आईंना कुठे वाचता येतंय? हॉक सेंगनी त्यांच्याकडे असं पाहिलं की खॉर त्या दिवसापुरते भिंतीपलीकडेच राहिले. हातापायांना काट्यांचे ओरखडे, गालावर गांधिलमाशी चावून आलेली सूज, आणि रोज संध्याकाळी दारात आईचा एकच प्रश्न, "सापडली?" आणि एकच उत्तर. तेरा तारखेला ते उत्तर द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. ते पायरीवरच बसून राहिले.

"तिथे आता काहीच ओळखू येत नाही गं," ते म्हणाले. "सगळं झाडांनी खाल्लंय. मी चुकलो. पहिल्याच वर्षी तुला विचारायला हवं होतं. माझी चूक आणि भोगतेय ती."

आईने त्यांच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या मी येते."

घरात एकच गोंधळ. डॉक्टर काय म्हणतील, गुडघे काय म्हणतील, वाटेत पडलीस तर, ऊन लागलं तर. आई सगळ्यांचं ऐकून घेत केसांचा बुचडा घालत होती. "मी तिकडे कायमची जायच्या आत एकदा तात्पुरती जाऊन येते," ती म्हणाली. "चाळीस वर्षं त्या ओट्याच्या कठड्यावर बसलेय मी. तुम्हाला नाही सापडायची ती."

चौदा तारखेला सकाळी लाल प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले. मुनियांडी आणि त्याचा मेव्हणा पुढे, हॉक सेंग आणि खॉर मागे, वर आई. खॉर यांना वाटेत तीनदा धाप लागली आणि तिन्ही वेळा त्यांनी खुर्चीच्या वजनाला दोष दिला. आई वरून म्हणाली, "माझं वजन एकोणचाळीस किलो आहे रे मेल्या. विमा विकून विकून हाडं मऊ झालीत तुझी."

दुसऱ्या चाफ्याशी पोचल्यावर तिने आजूबाजूला पाहिलंच नाही. डोळे मिटून घेतले.

"बघायचं नाहीस?" हॉक सेंगनी विचारलं.

"बघण्यासारखं काय ठेवलंय ह्या झाडांनी? झाडं बदलली. ओढा कुठे बदलतो? मी बसायचे तेव्हा पाणी डाव्या कानाला वाजायचं, आणि पावलं उताराकडे घसरायची. चला वर."

खुर्ची वर गेली. "ठेवा." ठेवली. आईने कान दिला. "नाही. पाणी समोरून येतंय. उचला." पुन्हा वर. "ठेवा. नाही. उजवीकडे घ्या." घेतली. "नाही, फार आलो. मागे." चौघांचे श्वास फुगले, खॉर यांचा चेहरा खुर्चीच्या रंगाचा झाला. अकराव्यांदा खुर्ची जमिनीला टेकली तेव्हा पाणी डाव्या कानाला वाजत होतं. आईने पावलं पुढे केली, ती थोडी घसरली. मग तिने उजवा हात लांब करून झुडपात घातला, आणि पानांखाली तो हात कशावर तरी थांबला.

"ही माझी जागा," ती म्हणाली.

समोर नुसतं रान होतं. मुनियांडीने कोयता घातला, हॉक सेंगनी हातांनी वेली ओढल्या. आत वडाच्या जातीचं मोठं झाड निघालं, पण ते दगडाच्या मागे उभं होतं आणि त्याची मुळं दोन्ही बाजूंनी येऊन दगडाला धरून होती. त्याने धरलं नसतं तर तो कधीच घरंगळून ओढ्यात गेला असता. तोडायला काही कारणच नव्हतं. हॉक सेंगनी ब्रश घेतला. मग तो मुनियांडीच्या हातात दिला, आणि त्याने दगड घासला आणि खाली वाकून मोठ्याने वाचलं.

"तान पोह इम. थिओंची सून." मग खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, "मुलगा, थिओ बाक चू."

"माझे वडील," हॉक सेंग म्हणाले, आणि बाहीने नाक पुसलं. त्यांना तेवढंही वाचता आलं नव्हतं याची लाज त्यांना त्या क्षणी मुळीच वाटली नाही. खाली पाहिलं तर त्यांनीच झाडलेल्या कबरींपलीकडे, उताराला, ओळखीची दगडी चौकट दिसत होती. लाऊसाहेब.

पान मांडलं. कोंबडी, पोपिया, दोन विडे. उदबत्त्या अर्ध्या जळल्यावर आईने नाणी स्वतःच्या हातात घेतली.

"रागावलात का?" तिने विचारलं आणि टाकली. दोन्ही काटे. नाही.

"नऊ वर्षं उपाशी राहिलात का?"

दोन्ही काटे. नाही.

"खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. उपाशी होतात ना?"

पुन्हा दोन्ही काटे. खॉर पुढे झाले आणि म्हणाले की हवेत ओल आहे, नाणी एका बाजूला जड होतात. आईने त्यांना हाताने गप्प केलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडत होतं. तिने मान वळवून उताराकडे पाहिलं.

"त्या लाऊंनी बोलावलं होतं का तुम्हाला जेवायला?"

नाणी पडली. एक छापा, एक काटा.

 हॉक सेंग पाणीखात्यातले, मीटरवर दिसेल तेवढंच मानणारे. पण दर वर्षी आपण डबा उघडतोय, आणि ते अनोळखी गृहस्थ त्यातल्या कशालाही हात न लावता वरच्या अंगाला हाक मारतायत, "अहो थिओवहिनी, तुमचा नातू आलाय, तुमचं पान माझ्याकडेच मांडलंय, या," असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि हटेना. आई तर सरळ रडत होती. रडता रडता म्हणाली, "एकटी नव्हती रे. एकटी नव्हती ती."

पंधरा तारखेला दुपारी चार वाजता, खिडकी बंद व्हायला अर्धा तास असताना, हॉक सेंग आईला शेजारी खुर्चीत बसवून क्वाबाईंसमोर उभे होते. रांग दारापर्यंत गेलेली. क्वाबाईंनी फोटो पाहिला, नाव वाचलं, मान डोलावली आणि शिक्का मारला. तान पोह इम यांची नोंद झाली. मागच्या एक-दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"पुढचे," क्वाबाई म्हणाल्या.

"आणखी एक फॉर्म द्या," हॉक सेंग म्हणाले.

त्यांनी तो तिथेच उभ्याने भरला आणि फोटोसकट आत सरकवला. क्वाबाईंनी वाचला. चष्मा वर केला, खाली केला.

"लाऊ किम चुआन. अहो, हे तुमचे कुणी नाहीत!"

"असं तुम्ही म्हणालात," हॉक सेंग म्हणाले. "मी कधी म्हणालो?"

"नात्यापुढे तुम्ही ‘नातू’ लिहिलंय. ते लाऊ, तुम्ही थिओ."

"आईकडून."

क्वाबाईंनी खुर्चीतल्या म्हातारीकडे पाहिलं. "आजी, हे तुमचे कोण?"

"वडील," आई म्हणाली. पापणीही हलली नाही. "फार चांगला माणूस होता. स्वतः कमी जेवायचा."

"खाली लिहिलंय, की मजकूर खोटा ठरल्यास अर्जदार जबाबदार राहील," क्वाबाई हॉक सेंगना म्हणाल्या. "वाचलंत ना?"

"इंग्रजीत आहे. पूर्ण वाचलं."

"पुरावा काय लावणार?"

हॉक सेंगनी चौतीस वर्षं सरकारी कागदांवर सह्या केल्या होत्या आणि त्यांतली एकही खोटी नव्हती. त्यांनी पेन धरलेला हात खिडकीच्या गजांतून आत घातला, ‘नातू’ या शब्दाखाली ठळक रेघ ओढली आणि सही केली.

"हाच पुरावा," ते म्हणाले. "नऊ वर्षं जेवू घातलंय त्यांना. तुम्ही दुसरा कुणी आणून दाखवा, ज्याने घातलंय."

क्वाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग शाईच्या डबीवर शिक्का दोनदा दाबला आणि कागदावर उमटवला.